शेवटचे दहा लिटर: घरच्या घरी गाडी धुताना पांढरे डाग कसे टाळावेत

नाशिकमध्ये ज्याच्याकडे गडद रंगाची गाडी आहे आणि जो ती इमारतीच्या पार्किंगमध्ये बोअरच्या पाण्याने धुतो, त्याला हा अनुभव नवा नसेल. शाम्पू चांगला, फडके स्वच्छ, मेहनत भरपूर, आणि तरीही ऊन चढेपर्यंत बोनेटवर, टपावर आणि मागच्या काचेवर पांढरट कडांचे गोल ठिपके उमटतात. पुसले की ते जरा फिके होतात, पण पुढच्या धुण्यानंतर त्यांच्या शेजारी नवे दिसू लागतात. मी स्वतः बराच काळ या डागांचा दोष शाम्पूला देत होतो. तीन शाम्पू बदलून झाल्यावर एके दिवशी नुसत्या पाण्याने धुतलेल्या दारावरही तेच ठिपके दिसले, तेव्हा कुठे पाण्याकडे लक्ष गेले.

थेंब वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियमचे क्षार पत्र्यावरच राहतात. थेंबाची कड आधी वाळते आणि आतले पाणी क्षारांना घेऊन कडेकडे ओढले जाते, म्हणून डागाला बांगडीसारखा आकार येतो. नाशिकची जमीन बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांची आहे. बोअरचे पाणी या खडकाच्या भेगांतून येताना क्षार तर विरघळवून आणतेच, पण सिलिकाही, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते ते द्रव्यही, आणते. आणि सिलिकाचा डाग एकदा काचेवर बसला की साध्या आम्लालाही दाद देत नाही. महापालिकेचे पाणी गंगापूर आणि मुकणे या धरणांतून येते. ते पृष्ठभागावर साठलेले असल्यामुळे बोअरच्या मानाने सहसा सौम्य असते, पण तेही गाडीवर वाळू दिले तर खूण सोडते.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या एकूण घटकांची, म्हणजेच टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. गाडीच्या दृष्टीने हे आकडे फार मोठे आहेत. धुऊन झालेल्या गाडीवर पाव लिटर पाणी जरी चिकटून राहिले, तरी ६०० टीडीएसच्या पाण्यातून १५० मिलिग्रॅम क्षार रंगावर उरतात. तेच पाणी १० टीडीएसचे असेल तर जेमतेम अडीच मिलिग्रॅम. सगळी युक्ती या फरकात आहे, आणि त्यासाठी सगळी गाडी शुद्ध पाण्याने धुण्याची मुळीच गरज नाही. माती, चिखल आणि फेस काढण्यासाठी कोणतेही स्वच्छ पाणी चालते. गाडीवर वाळणार असते ते फक्त शेवटचे पाणी, आणि तेवढेच आठ-दहा लिटर शुद्ध असले की पुरते.

आधी मोजावे

पेनाच्या आकाराचा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. तो क्षार प्रत्यक्ष मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून आकडा सांगतो. म्हणूनच वीज जवळजवळ न वाहून नेणारी सिलिका त्याला दिसत नाही, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. मीटर नीट आहे का हे पाहण्यासाठी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवावा. आकडा शून्य किंवा एक-दोन यायला हवा.

घरच्या नळाचे पाणी एकदा मोजून थांबू नये. इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा गंगापूर रोडकडच्या अनेक इमारतींत महापालिकेचे पाणी आणि बोअर एकाच टाकीत जातात. उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढतो, मध्येच टँकर येतो, आणि त्याच नळाचा आकडा आठवड्याभरात दुप्पट झालेला दिसतो. शेजाऱ्याच्या गाडीवर डाग पडत नाहीत आणि आपल्या गाडीवर पडतात, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते की त्याने सकाळी नळ आल्यावर गाडी धुतली आणि आपण दुपारी.

शेवटच्या पाण्याचा आकडा १० च्या आत असेल तर गाडी न पुसता तशीच वाळू द्यावी. १० ते ३० च्या दरम्यान असेल तर पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर फारसे काही दिसणार नाही, पण काळ्या गाडीवर मायक्रोफायबर फिरवावे लागेल. त्याहून जास्त आकड्याचे पाणी पुसायचेच आहे असे धरून चालावे.

शुद्ध पाणी कोठून आणावे

पहिला गैरसमज सॉफ्टनरचा. अनेक बंगल्यांत पाणी मऊ करणारे यंत्र असते आणि त्यामुळे डाग पडणार नाहीत अशी समजूत असते. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे फेस चांगला येतो. पण विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण जवळपास तेवढेच राहते आणि सिलिकाही जशीच्या तशी राहते. सोडियमचे डाग ओल्या फडक्याने सहज निघतात, एवढाच त्याचा फायदा.

पिण्याच्या पाण्याचा आरओ हा बहुतेक घरांत आधीच असलेला आणि म्हणून सर्वांत सोयीचा मार्ग आहे. चांगला पडदा सुमारे ९० ते ९५ टक्के क्षार अडवतो, म्हणजे ६०० चे पाणी ३० ते ६० वर येते आणि १५० चे पाणी १५ च्या खाली उतरू शकते. मात्र घरगुती यंत्रांत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा खनिजांची नळी बसवलेली असते आणि ती पडद्याने काढलेले क्षार पुन्हा पाण्यात मिसळते. गाडीसाठी पाणी हवे असेल तर दुरुस्तीवाल्याकडून पडद्याच्या लगेच पुढे, कंट्रोलरच्या आधी, एक टी-जोड आणि छोटा कॉक बसवून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या सेटिंगला हात लावू नये. यंत्र काही तास बंद राहिले असेल तर पहिले एक-दोन पेले पाणी जास्त आकड्याचे येते, ते बाजूला काढावे. घरगुती यंत्र तासाला साधारण १२ ते १५ लिटर पाणी देते, त्यामुळे आदल्या रात्री एक कॅन भरून ठेवला की सकाळची सोय होते.

आरओ जे पाणी बाहेर टाकतो, ते दहा लिटर शुद्ध पाण्यामागे सहज वीस-तीस लिटर होते. ते मूळ पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे शेवटच्या धुण्याला ते अजिबात वापरू नये. पण चाके, मडगार्डची आतली बाजू, पायपुसणी आणि सुरुवातीची धूळ काढण्यासाठी ते उत्तम चालते. त्यासाठी मोरीत एक जुनी बादली ठेवावी. ज्या शहरात मे महिन्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे गाडीच्या चकाकीसाठी हे पाणी गटारात सोडणे मला तरी पटत नाही.

वीस लिटरचे जारचे पाणीही बहुधा आरओचेच असते. मीटर लावून पाहावे आणि आकडा कमी असेल तर बिनदिक्कत वापरावे. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेले, पाणी निर्विवाद शुद्ध, पण दर आठवड्याला दहा लिटर विकत घेणे महाग पडते, म्हणून सुरुवातीच्या एका प्रयोगापुरते ते आणावे. तिथे कॅनवरचे नाव मात्र नीट वाचून घ्यावे, कारण त्याच दुकानात तशाच दिसणाऱ्या कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिडही असते.

पावसाळ्यात तर हे पाणी आकाशातूनच येते. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर स्वच्छ पन्हळीतून धरलेले पाणी मीटरवर बहुतेक वेळा फारच कमी आकडा दाखवते. ते दुपदरी सुती कापडातून गाळून झाकून ठेवावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे क्षारांच्या बाबतीत स्वच्छ असते, पण त्यात धूळ आणि बुळबुळीत थर येतो, शिवाय नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात, म्हणजे एसी सर्वांत जास्त चालतो तेव्हाच, ते कमी मिळते. मी ते काही दिवस जमवले आणि कंटाळून सोडून दिले.

रेझिन: शून्यावर आणण्याचा मार्ग

आकडा खरोखर शून्याजवळ हवा असेल तर मिक्स्ड बेड रेझिन लागते. हे माशाच्या अंड्यांसारखे बारीक, पिवळसर-तपकिरी मणी असतात आणि ते दोन प्रकारचे एकत्र मिसळलेले असतात. एक प्रकार कॅल्शियम-सोडियमसारखे धन आयन धरून त्यांच्या बदल्यात हायड्रोजन सोडतो. दुसरा क्लोराइड-सल्फेटसारखे ऋण आयन धरून हायड्रॉक्साइड सोडतो. आणि हे दोन्ही एकत्र येऊन पुन्हा पाणीच तयार होते. रेझिन घेताना ऋण आयनांचा भाग ‘स्ट्राँग बेस’ प्रकारचा आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण दुबळ्या प्रकाराला सिलिका धरता येत नाही आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात तीच तर खरी अडचण आहे.

आता हिशोब पाहावा, कारण बहुतेक लोकांचे पैसे इथेच वाया जातात. एक लिटर मिक्स्ड बेड रेझिन संपेपर्यंत साधारण २० ते २५ ग्रॅम क्षार धरते. त्यातून थेट ६०० टीडीएसचे बोअरचे पाणी सोडले तर ३५ ते ४० लिटरमध्ये ते संपते. म्हणजे एका महिन्याची चार धुणी झाली की नवे रेझिन आणा. तेच रेझिन आरओच्या ४० टीडीएसच्या पाण्यावर लावले तर ५०० ते ६०० लिटर पाणी मिळते, म्हणजे दर आठवड्याला दहा लिटर वापरूनही जवळपास वर्ष निघावे. हा कागदावरचा आकडा आहे. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरओच्या पडद्यातून तसाच पुढे जातो आणि रेझिन खर्च करतो, त्यामुळे प्रत्यक्षात आठ-दहा महिने मिळाले तरी समाधान मानावे. पण आधी आरओ आणि नंतर रेझिन हा क्रम मोडून थेट नळावर रेझिनची नळी लावण्यात शहाणपण नाही, मग विक्रेता काहीही सांगो. महापालिकेचे पाणी आधी कार्बन फिल्टरमधून गेलेले असावे, कारण क्लोरीन आरओचा पडदा आणि रेझिन या दोन्हींचे आयुष्य कमी करते. घरच्या आरओत तो फिल्टर असतोच.

मांडणी साधी ठेवता येते. दहा इंची फिल्टर हाउसिंगमध्ये, म्हणजे फिल्टर बसवायच्या डब्यात, बसणारी, पुन्हा भरता येणारी नळी घ्यावी, तीत रेझिन ठोकून ठोकून गच्च भरावे, आणि आरओच्या पाण्याचा तोटीचा कॅन उंच स्टुलावर ठेवून बारीक धारेने पाणी त्यातून खाली दुसऱ्या कॅनमध्ये उतरू द्यावे. नळीत पोकळी राहिली तर पाणी सोपी वाट काढून रेझिनला न शिवताच निघून जाते आणि मग मीटरचा आकडा वाढतो. प्रत्येक वेळी सुरुवातीचे पेलाभर पाणी टाकून द्यावे. वापर नसताना रेझिन ओले आणि सावलीत ठेवावे. वाळले की मणी तडकतात. बाहेर येणारा आकडा दहाकडे सरकू लागला की रेझिन बदलावे, कारण संपत आलेल्या रेझिनमधून सर्वांत आधी सुटते ती सिलिका, आणि ती मीटरला दिसत नाही. आम्ल आणि कॉस्टिक वापरून रेझिन पुन्हा ताजे करता येते, पण ते कारखान्याचे काम आहे, घराच्या मोरीत करू नये. मणी फरशीवर सांडले तर तेवढ्यात झाडून घ्यावेत. त्यांच्यावरून पाय असा घसरतो की बेअरिंगच्या गोळ्याही बऱ्या.

तयार पाणी झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये ठेवावे. तांब्याच्या हंड्यात किंवा पत्र्याच्या टाकीत ठेवले तर ते धातूतून काही ना काही घेतेच. उघडे राहिले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आकडा एक-दोनने चढतो, त्याची मात्र चिंता नको. तो डाग सोडत नाही.

प्रत्यक्ष धुणे

वेळ सकाळची, जागा सावलीची, आणि बोनेट हाताला थंड लागले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा नऊ वाजल्यानंतर उघड्यावर गाडी धुऊ नये. एक बाजू धुऊन होईपर्यंत दुसरी वाळलेली असते. थंडीत याच्या उलट अडचण येते: संध्याकाळी धुतलेली गाडी उघड्यावर उभी केली तर पहाटेच्या दवावर धूळ बसते आणि सकाळी तेच ठिपके दिसतात, त्यात पाण्याचा काही दोष नसतो.

आधी चाके आणि खालची बाजू साठवलेल्या टाकाऊ पाण्याने धुऊन घ्यावी. मग साध्या पाण्याने टपापासून खाली सगळी धूळ सैल करून वाहून न्यावी. कोरड्या धुळीवर फडके मारणे म्हणजे रंगावर बारीक ओरखडे काढणे होय. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत मिट, म्हणजे गाडी धुण्याचा हातमोजा, खळबळण्यासाठी नुसते पाणी. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये, त्याने वॅक्सचा थर निघून जातो. वरून खाली, एका वेळी एकच भाग धुवावा आणि फेस वाळण्याआधी साध्या पाण्याने काढावा.

शेवटचे साधे पाणी मारताना पाइपच्या तोंडाची फवारणीची नळी काढून टाकावी आणि टपावरून सावकाश, जाड धार सोडावी. अशी धार पत्र्यावरून पदरासारखी सरकत खाली येते आणि जाताना उरलेले थेंबही ओढून नेते. जोरात फवारले तर उलट हजारो थेंब मागे राहतात. ज्यांच्या गाडीला ताजे वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग आहे त्यांना हे अधिक जपावे लागते, कारण त्या पृष्ठभागावर पाण्याचे टपोरे मणी उभे राहतात आणि प्रत्येक मणी वाळून स्वतःची बांगडी काढतो.

आता शुद्ध पाणी. मग्ग्याने ओतले तर दहा लिटर पाच मिनिटांत संपतात आणि अर्धी गाडी राहून जाते, म्हणून फवारणी पंप हवा. नाशिकला त्याची वाण नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमुळे शेतीच्या कोणत्याही दुकानात हातपंपापासून सोळा लिटरच्या बॅटरी पंपापर्यंत सर्व काही मिळते. पण पंप नवाच घ्यावा. औषध किंवा मोरचूद मारलेला घरचा पंप कितीही धुतला तरी त्याच्या नळीत काही राहतेच, आणि ते गाडीच्या रंगावर आणि आपल्या अंगावर उडते. नोझल धुक्यासारखे बारीक नको. पंख्यासारखी चपटी, जरा जाड फवार चांगली.

फवारणी टपापासून सुरू करून काचा, बोनेट, दारे आणि शेवटी खालच्या पट्ट्या अशी करावी. पहिल्या हातात गाडीवर राहिलेले साधे पाणी शुद्ध पाण्यात मिसळून वाहून जाते, दुसऱ्या हातात ते जवळपास संपते. म्हणून सगळे पाणी एकदाच भरपूर मारण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. लहान हॅचबॅकला आठ लिटर पुरतात, मोठ्या एसयूव्हीला बारा-चौदा लागतात. पाणी कमी असेल तर काचा आणि आडवे भाग, म्हणजे टप, बोनेट आणि डिकी, यांनाच ते द्यावे आणि दारे फडक्याने पुसावीत.

पहिल्यांदा हे सगळे करूनही माझ्या गाडीच्या दारांवर पांढरे ओघळ आले, तेव्हा मी बुचकळ्यात पडलो, कारण मीटरवरचा आकडा ४ होता. कारण नंतर सापडले: आरशांच्या खोबणीत, दरवाजाच्या मुठींमागे, नंबरप्लेटखाली आणि काचेच्या रबरी पट्टीत आधीचे बोअरचे पाणी साचून होते आणि ते मागाहून हळूहळू गळत होते. आता मी शुद्ध पाण्याचा पहिला हात देताना या जागांत नोझल जवळ नेऊन मुद्दाम फवारतो, गाडी दहा फूट पुढे नेऊन हलका ब्रेक मारतो म्हणजे अडकलेले पाणी बाहेर येते, आणि मग दुसरा हात देतो. छोटा ब्लोअर असेल तर हेच काम आणखी चांगले होते.

जुन्या डागांना हे पाणी काढू शकत नाही. ते ताजे असतील तर पांढरे व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घेऊन, गार पत्र्यावर, ओल्या मायक्रोफायबरने मिनिटभर ठेवावे आणि भरपूर धुवावे. व्हिनेगरने वॅक्स उतरते, तेवढ्या भागाला ते पुन्हा लावावे. उन्हात तापून रंगात खड्डा पाडलेले डाग बोटाला खरखरीत लागतात आणि त्यांना पॉलिश करणाऱ्याकडेच न्यावे लागते. काचेवरचे सिलिकाचे डाग असतील तर सेरियम ऑक्साइडचे पॉलिश लागते, आणि ते हाताने घासताना खांदा भरून येतो, हे आधीच सांगून ठेवतो.